लेण्याद्रीखाली जोड्या लावताना

"मॅडम, मपला सेल यानं उचलला!"

गोळेगावातल्या त्या ओसरीवर मी पोचलो तेव्हा भांडण चांगलंच तापलं होतं. वर लेण्याद्रीचा डोंगर आणि त्याच्या काळ्या कड्यात ओळीनं दिसणारी लेण्यांची दारं. खाली सतरंजीवर पाचवी ते आठवीतली सात मुलं. मधोमध बुटांचं रिकामं खोकं, आणि त्यातून ओतलेली कार्डं. जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली. छापील बाजूला गणपती, नाहीतर वधूवरांच्या नावांचे अर्धेमुर्धे तुकडे. कोऱ्या बाजूला स्केचपेननं लिहिलेला एखादा इंग्रजी शब्द किंवा त्याचा अर्थ. अर्थही इंग्रजीतच, पण चार-पाच सोप्या शब्दांत. शब्दाला अर्थ जुळवला की जोडी तुमची.

'सेल' या एका कार्डावर तिघांचा दावा होता. एकाच्या हातात अर्थ होता, बॅटरीत घालायची वस्तू. दुसरीनं विज्ञानाचं पुस्तक आठवून सजीवाच्या शरीराचा सगळ्यात लहान भाग धरला होता, म्हणजे पेशी. तिसऱ्याच्या मते सेल म्हणजे जुन्नरच्या कापड दुकानात दिवाळीआधी लागतो तो. तिसऱ्याला मॅडमनी स्पेलिंग वाचायला लावलं. त्यानं अक्षरं वाचली, मान हलवली आणि कार्ड सोडलं. उरलेल्या दोघांना वाटलं, आता मॅडम निकाल देणार. त्यांनी डोंगराकडे बोट केलं. "वर गणपतीच्या सभामंडपाला तिन्ही बाजूंनी काय आहे?"

"खोल्या."

"किती?"

कुणी मोजल्या नव्हत्या. त्या वीस आहेत. डाव्या-उजव्या भिंतीत सात-सात आणि मागच्या भिंतीत सहा. गिरिजात्मजाचं देऊळ ज्या सातव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे ते मुळात बौद्ध भिक्षूंचं विहार. या खोल्या त्यांच्या राहण्याच्या. इंग्रजीत अशा खोलीलाही सेलच म्हणतात. मॅडमनी चौथं कार्ड काढलं, 'एक लहान खोली' या अर्थाचं, आणि बॅटरी व पेशी यांच्या शेजारी ठेवलं. तिन्ही बरोबर. मुलं गप्प झाली. एका शब्दाला एकच अर्थ, हे शाळेत पक्कं झालेलं गणित त्यांच्यासमोर मोडलं होतं.

हा खेळ पाहायला मी आलो त्याला कारण आहे. 'जोड्या लावा' हा प्रश्न मराठी शाळेतून गेलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचा. अ गट, ब गट, मधे कोरी जागा. माझ्या वेळी मराठी माध्यमात इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. महाराष्ट्रानं ते पहिलीपासून आणलं 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. मला इंग्रजीच्या जोड्यांत नेहमी पैकीच्या पैकी गुण मिळत. आणि दहावी होऊन पुण्याला गेल्यावर पहिल्याच दिवशी, त्याच शब्दांतला एकही शब्द तोंडातून निघेना. ते शब्द मला कागदावर ओळखता येत होते, गरज पडली तेव्हा आठवत नव्हते. ही दोन निराळी कामं आहेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

जोड्यांच्या प्रश्नात एक गणिती गंमत दडलेली आहे, ती प्रत्येक शिक्षकाला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. पाच शब्द आणि पाच अर्थ दिले आणि मुलानं डोळे मिटून रेघा ओढल्या, तर सरासरी एक जोडी बरोबर येते. पन्नास शब्द दिले तरी सरासरी एकच. हे झालं निव्वळ नशिबाचं. पण मूल डोळे मिटून बसत नाही. त्याला तीन शब्द येत असतील तर उरलेल्या दोन जोड्या लागण्याची शक्यता निम्मी होते, आणि चार येत असतील तर पाचवी आपोआप लागते. म्हणजे पाचात पाच मिळालेल्या मुलाला पाचही शब्द येतातच असं नाही. ओसरीवरच्या मॅडमनी त्यावर साधा उपाय काढला आहे: शब्द पाच तर अर्थ सात. दोन अर्थ कायम उरतात. उरलेल्यांवर वजाबाकी करून जिंकता येत नाही, विचार करावा लागतो.

आता या खेळाला थोडं मागे नेतो, कारण ज्या डोंगराखाली तो चालला आहे तो डोंगरही एकदा असाच, जोड्या लावत लावत वाचला गेला.

जुन्नरच्या परिसरातल्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतले प्राकृत लेख आहेत. घाटमाथ्यावर नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा मोठा लेख आहे. शेकडो वर्षं ही अक्षरं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि कुणालाच वाचता येत नव्हती. 1837 साली जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मी उलगडली. सांचीच्या कठड्यांवरचे अनेक छोटे लेख एकाच ठरावीक अक्षरांनी संपतात, हे त्याच्या लक्षात आलं. देवस्थानात लोक दगडावर काय कोरून ठेवतात? मी अमुक, मी हे दिलं. मग शेवटचा शब्द 'दानं' असणार. अर्थ आधी हातात आला, शब्द त्याला जाऊन चिकटला, आणि त्या दोन-तीन अक्षरांवरून बाकीची उघडत गेली. ज्याला जागेचा वापर कळला त्याला शब्द कळला.

लेण्याद्रीच्या सहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, असाच दानाचा लेख आहे. कल्याणच्या एका हेरणिकाच्या मुलानं, सुलसदतानं, हे चैत्यगृह दिलं, असं त्यात आहे. हेरणिक म्हणजे सोन्याच्या व्यवहारातला माणूस. दानाला शब्द वापरला आहे 'देयधम'. पलीकडे शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या एका यवनानं दोन 'पोढी' दिल्याचा लेख आहे. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. बाहेरच्या मुलखातून आलेला माणूस इथल्या भाषेत आपलं दान सांगतो आहे. त्यानं शब्द कसा शिकला असेल? समोर टाकं होतं, पाणी होतं, ते खोदणारे लोक त्याला पोढी म्हणत होते. आज आपण टाकं म्हणतो. पोढी हा शब्द बोलण्यातून गेला आणि लेखात उरला. त्याच लेखांत येणारा 'लेण' मात्र थोडा बदलून आपल्या तोंडात राहिला आहे, आणि डोंगराला अख्खं नाव देऊन बसला आहे.

लेण्याद्रीच्या पायऱ्यांवरून मागे वळलं की समोर शिवनेरी दिसतो. तिथं जन्मलेल्या राजानं राज्याभिषेकाच्या सुमाराला एक कोश करवून घेतला, राज्यव्यवहारकोश. रघुनाथपंत हणमंत्यांच्या नावानं तो ओळखला जातो. दहा वर्ग, सुमारे चौदाशे शब्द, आणि सगळं संस्कृत पद्यात, म्हणजे पाठ करता यावं असं. एका बाजूला दरबारात रुळलेला फारसी किंवा दखनी शब्द, दुसऱ्या बाजूला संस्कृत. डबीर म्हणजे सुमंत, सुरनीस म्हणजे सचिव, सरनौबत म्हणजे सेनापती, मुजुमदार म्हणजे अमात्य. महाराष्ट्रातली ही सगळ्यात गंभीरपणे लावलेली जोड्यांची यादी म्हटली तर चूक होणार नाही.

पण पुढं काय झालं ते पाहा. सेनापती, सचिव, मंत्री हे शब्द टिकले, कारण त्या नावाची माणसं होती, त्यांच्या नावानं पत्रं सुटत होती. पेशव्याला प्रधान हा पर्याय दिला होता, तरी लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला आणि पुढं एका अख्ख्या काळाला त्यानं नाव दिलं. हवालदार आजही पोलीस चौकीत आहे. कोशात जोडी लावली म्हणून शब्द रुजत नाही. रोजच्या कामात त्याला जागा मिळाली तरच तो राहतो. मला इंग्रजीच्या बाबतीत नेमकं हेच म्हणायचं आहे, आणि त्याचा पुरावा साडेतीनशे वर्षांपूर्वीचा, समोरच्या किल्ल्याशी नातं सांगणारा आहे.

इंग्रजी आल्यावर जोड्यांचा धंदाच उभा राहिला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली आला, त्याची वाढवलेली आवृत्ती 1857 साली. मोल्सवर्थनं सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश मेजर कँडीनं पुरा केला, 1847 साली. मग तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. आधी शब्द आणि अर्थ, मग लगेच त्याच शब्दांची वाक्यं, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. घोकंपट्टी म्हणून तिला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. मी ठेवणार नाही. शब्द पाठ झाल्याबरोबर त्याला वाक्यात कामाला लावायचं, ही तिची रीत पक्की होती. नंतरच्या गाइडांनी शब्दार्थांचे तक्ते तेवढे उचलले आणि वाक्यं गाळली.

अर्थ सोप्या शब्दांत हवा, हा विचारही फार लांबून आलेला नाही. मायकल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षक 1920च्या दशकात ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात होता. बंगाली मुलांच्या हातातली इंग्रजी पुस्तकं त्यांना का वाचवत नाहीत, याचा त्यानं बारकाईनं तपास केला. पानापानाला नवा शब्द, आणि कोशात पाहावं तर अर्थातले शब्द मूळ शब्दाहून अवघड. त्यानं 1935 साली एक कोश काढला: चोवीस हजार नोंदी, आणि सगळ्यांचे अर्थ अवघ्या 1490 शब्दांत सांगितलेले. 1953 साली त्याची सुमारे दोन हजार नेहमीच्या शब्दांची यादी प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांचा पाया झाली. आज मुलांच्या हातात असणारे परदेशी विद्यार्थी-कोश ठरावीक दोन-तीन हजार शब्दांत अर्थ सांगतात, त्याची सुरुवात एका बंगाली वर्गातल्या अडचणीतून झाली.

ओसरीवरच्या मॅडमना वेस्ट माहीत नव्हता. पण त्यांचा नियम तोच. अर्थाच्या कार्डावरचा प्रत्येक शब्द सातातल्या निदान पाच जणांना यायला हवा. नवा अर्थ लिहिला की आधी तो मुलांकडून वाचून घेतात. अडले तर कार्ड फाडतात. मी तिथं असताना एक फाटलं. 'रेसिड्यू' या शब्दाचा अर्थ त्यांनी कोशातून उतरवला होता, आणि मुलं त्यातल्या 'रिमेन' शब्दाशीच अडखळत होती. तेवढ्यात मागं बसलेली आठवीतली मुलगी म्हणाली, "मॅडम, ते द्राक्षात नसतं का? टेस्टला पाठवत्यात ते."

तिच्या घरी द्राक्षबाग. माल परदेशी जायचा तर औषधाचा अंश किती उरला याची तपासणी होते, आणि त्या अंशाला शेतकरी सरळ रेसिड्यू म्हणतात. तिनं हा शब्द शेकडो वेळा ऐकला होता. लिहिलेला कधी पाहिला नव्हता. मॅडमनी नवं कार्ड घेतलं आणि तिलाच अर्थ लिहायला सांगितला. तिनं लिहिलं ते व्याकरणात थोडं चुकलेलं होतं, अर्थात नाही: फवारल्यावर फळावर जे राहतं ते.

मला त्या दिवसाची सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटली. जुन्नर-आंबेगावच्या पोरांना इंग्रजी शब्द येत नाहीत असं आपण धरून चालतो. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात पाच मिनिटं उभं राहा. क्रेट, लोडिंग, ग्रेडिंग, लोकल, एक्सपोर्ट. द्राक्षात डिपिंग, थिनिंग, गर्डलिंग. पंपावर स्टार्टर, फेज, व्होल्टेज, आणि रात्रीची लाइट. शेतात ड्रिप, मल्चिंग, स्प्रे. खोडदच्या दुर्बिणीच्या तीस अँटेना ज्यांच्या रानालगत उभ्या आहेत, त्यांच्या घरात डिश आणि सिग्नल हे शब्द आहेत. जोडीचा अर्धा भाग या मुलांच्या घरात आधीच आलेला आहे. आवाज माहीत, वस्तू माहीत. माहीत नाही ते फक्त स्पेलिंग, आणि हाच तो शब्द याची ओळख.

यात अडचणीही आहेत. कोशातल्या मल्चचा अर्थ पालापाचोळा, पेंढा, झाडाच्या बुंध्याशी पसरलेला. इथं मल्चिंग म्हणजे वाफ्यावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद. कोशात गर्डल म्हणजे कमरपट्टा. बागायतदाराला ती वेलीच्या खोडाची साल गोल काढण्याची क्रिया. कोशातलं कार्ड आणि रानातलं कार्ड शेजारी ठेवलं तर मुलाला दोन्ही कळतात, आणि त्यांच्यातला धागाही दिसतो. गर्डलच्या दोन्ही अर्थांत कशाभोवती तरी काहीतरी गोल आहे.

पश्चिमेकडची, घाटघर-अंजनावळ्याच्या अंगाची एक मुलगी मावशीकडे राहून शिकते. तिच्या वाट्याला 'राइस'चं कार्ड आलं आणि ती अडली. तिच्याकडे भात रानात उभा असतो तेव्हाही भात, कापून झोडला तरी भात. भरडला की तांदूळ, शिजवला की पुन्हा भात. त्याआधी राब भाजायचा, आवण उपटायचं, खाचरात चिखलणी करून लावायचं. इंग्रजीत उभ्या पिकाला आणि टरफलासकट दाण्याला पॅडी, बाकी सगळं राइस. त्या मुलीकडे शब्द कमी नव्हते, उलट इंग्रजीच्या जोडीला ठेवायला जास्त होते. तिनं मॅडमला विचारलं, आवणाला काय म्हणायचं? सीडलिंग म्हणता येतं, पण टोमॅटोचं रोपही सीडलिंगच. फक्त भाताच्या उपटलेल्या रोपांच्या जुडीसाठी निराळा शब्द नाही. मॅडमनी ते कार्ड तसंच, मराठीत, खोक्यात टाकलं.

भातावरून आठवलं. 2007 साली इंटरनेटवर फ्री राइस नावाचा खेळ आला. समोर एक इंग्रजी शब्द, खाली चार अर्थ. बरोबर अर्थ निवडला की जाहिरातींच्या पैशातून तांदळाचे काही दाणे भुकेल्यांसाठी बाजूला पडत. पुढे तो संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे गेला. शब्द सोडवता येईल तसा पुढचा अवघड होत जाई, चुकला की सोपा. चुकलेला शब्द थोड्या वेळानं पुन्हा समोर येई. या शेवटच्या गोष्टीतच त्याची खरी ताकद होती.

तिचा पुरावा प्रयोगातही मिळाला आहे. कार्पिकी आणि रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी 2008 साली अमेरिकी विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले चाळीस शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवले. शिकून झालं तेव्हा सगळे गट सारखेच तयार होते. फरक इतकाच की काही गटांना एकदा आलेला शब्दही पुन्हा पुन्हा विचारत राहिले, आणि काहींना एकदा आला की तो शब्द विचारणं थांबवलं. ज्यांना विचारत राहिले त्यांना आठवड्यानंतर ऐंशी टक्क्यांच्या आसपास शब्द आठवले. ज्यांना विचारणं थांबवलं त्यांना जेमतेम एक तृतीयांश, मग त्यांनी शब्द पुन्हा कितीही वाचले असोत. वाचण्यानं वाटतं की येतंय. आठवायला लावलं की कळतं, येतंय की नाही.

म्हणून ओसरीवर दोन खोकी आहेत, हे मला उशिरा दिसलं. दुसरं चहापत्तीचं. जुळलेली जोडी मुलाला ठेवायला मिळत नाही. ती चहापत्तीच्या खोक्यात जाते आणि पुढच्या रविवारी अर्थाचं कार्ड झाकून फक्त शब्द दाखवतात. अर्थ सांगितला तर ती दोन रविवार पुढे, मग महिनाभर पुढे. चुकला तर परत बुटांच्या खोक्यात. लाइटनर नावाच्या जर्मन लेखकानं 1972 साली कप्प्यांच्या पेटीची अशीच पद्धत पुस्तकात मांडली. मॅडमना ती बहिणीच्या मुलानं मोबाइलवर दाखवली होती.

अंधार पडायच्या आधी मॅडम मुलांना घेऊन पायऱ्यांच्या सुरुवातीला गेल्या. तिथं पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आहे. 1958च्या कायद्यानुसार हे राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक असल्याचं आणि ते बिघडवणाऱ्याला शिक्षा असल्याचं त्यावर लिहिलेलं. या फलकाजवळून ही मुलं रोज जातात. प्रत्येकानं एक ओळखीचा शब्द शोधायचा होता. कुणाला 'इम्पॉर्टन्स' सापडलं. सहावीतल्या त्या सेलवाल्या मुलानं बोट ठेवलं 'फाइन'वर, आणि त्याचा चेहरा गोंधळला.

"मॅडम, हे इथं कसं काय? आय अॅम फाइन मधलंय ना हे?"

त्यांनी सांगितलं नाही. शेजारचा मराठी मजकूर वाच म्हणाल्या. त्यानं वाचला, ओळ ओळीखाली धरली, आणि 'दंड'पाशी थांबला. ओठ हलत होते. मग फलकावरची नजर न काढता त्यानं हात मागं केला, कोऱ्या कार्डासाठी.